पेनड्राइव्ह तपासणारा डबा: चार लाख घालावेत का?

गेल्या पावसाळ्यात आमच्या कारखान्याच्या गेटवर पेनड्राइव्ह तपासायचं यंत्र बसलं. कंबरेच्या वर येईल एवढा करडा पोलादी डबा, माथ्यावर टचस्क्रीन, खाली पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि सीडीसाठी खाचा, उजवीकडे पावती काढणारा छोटा प्रिंटर. जीएसटी धरून चार लाखांच्या वर गेला, शिवाय दर वर्षी अपडेटची वर्गणी. ओळखीतले दोघं-तिघं कारखानदार सारखे विचारतायत, "मॅडम, घ्यावा का?" फोनवर तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते. बनवणाऱ्या कंपनीचं नाव देत नाही, खरेदीच्या करारात तसं कलम आहे. पण या जातीच्या सगळ्या डब्यांची तऱ्हा जवळपास सारखीच असते.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन आणि मेंटेनन्स बघते. आमच्या ऑर्डरींपैकी थोडा वाटा अणुऊर्जा प्रकल्पांची कामं घेणाऱ्या मोठ्या ठेकेदारांचा असतो. म्हणजे आम्ही पुरवठादाराचे पुरवठादार. तरी कागदपत्रं मात्र पूर्ण लागतात: प्रत्येक बॉडीचा हीट नंबर (धातूच्या ओतकामाचा क्रमांक), मटेरियल सर्टिफिकेट, वेल्डरचं क्वालिफिकेशन, हायड्रो टेस्टचा, म्हणजे पाण्याच्या दाबाखाली घेतलेल्या चाचणीचा आलेख. अशाच एका ठेकेदाराच्या ऑडिटरनं यादीतला नवा प्रश्न वाचला: बाहेरून येणारे पेनड्राइव्ह कोण तपासतं आणि कसं? आमच्याकडून उत्तर गेलं, "अँटीव्हायरस आहे की." ते त्यानं लिहूनसुद्धा घेतलं नाही.

साहेबांचा प्रश्न सरळ होता. "भोसरीतल्या व्हॉल्व्हवाल्याच्या मागे कुठलं सरकार लागतंय?"

त्यावर मी त्यांना इराणचं सांगितलं. नतान्झला युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रीफ्यूजची नियंत्रण यंत्रणा इंटरनेटला जोडलेलीच नव्हती. बाहेरून तार आत जात नाही म्हटल्यावर स्टक्सनेट हा संगणकी किडा, म्हणजे आपोआप पसरणारा व्हायरस, सोडणाऱ्यांनी आधी गाठले ते तिथले ठेकेदार. हे कळलं कसं, तर तो किडा ज्या ज्या संगणकात शिरला त्याचं नाव आणि वेळ स्वतःच्याच पोटात टिपून ठेवत होता. त्या नोंदी उलट्या वाचत जाऊन कॅस्परस्की या अँटीव्हायरस कंपनीच्या लोकांनी २०१४ मध्ये पहिली लागण झालेल्या पाच इराणी कंपन्या मांडल्या. फूलाद टेक्निक, बेहपाजूह, नेदा इंडस्ट्रियल ग्रुप ही त्यातली तीन नावं. ऑटोमेशन, कंट्रोल पॅनल, औद्योगिक इलेक्ट्रॉनिक्स असलीच कामं करणारी ही मंडळी. २००९ च्या जूनमध्ये किड्याची एक आवृत्ती तयार झाली आणि काही तासांत ती फूलाद टेक्निकच्या संगणकात पोचलेली होती. अमेरिका आणि इस्रायल या दोन सरकारांनी मिळून हे घडवलं असं जगभर छापून आलंय. अधिकृत कबुली दोघांनीही दिलेली नाही.

साहेब ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे आपण ते ठेकेदार." मग कोटेशन मागवायला सांगितलं.

आता डबा चालतो कसा. पाहुणा गेटवर येतो. पाहुणा म्हणजे कॅलिब्रेशनवाला, सीएनसीचा सर्व्हिस इंजिनिअर, ड्रॉइंग घेऊन आलेला ग्राहकाचा माणूस. तो आपला पेनड्राइव्ह खाचेत घालतो, स्क्रीनवर नाव, कंपनी आणि कुणाकडे जायचंय ते भरतो. आत चार वेगवेगळ्या कंपन्यांची अँटीव्हायरस इंजिनं आहेत, ती एकामागोमाग एक फाइली चाळतात. मग फाइलींची यादी दिसते. त्यातून हव्या तेवढ्याच निवडायच्या. त्या आमच्या पिवळ्या पेनड्राइव्हवर उतरतात आणि पाहुण्याचा पेनड्राइव्ह लिफाफ्यात घालून वॉचमन काकांच्या ड्रॉवरमध्ये राहतो, जाताना परत मिळतो. शॉपमधल्या सगळ्या संगणकांना फक्त या पिवळ्या पेनड्राइव्हचे सीरियल नंबर मान्य आहेत, दुसरं काही घातलं तर ते उघडतच नाही.

या साऱ्यात मला सगळ्यात आवडलं ते "तुमचा बाहेर, आमचा आत" हे. बहुतेक लोक स्कॅनिंगचा आकडा बघून डबा घेतात, चार इंजिनांचा चांगला की आठचा वगैरे. माझ्या मते पेनड्राइव्ह बदलणं हे मुख्य काम, स्कॅनिंग दुय्यम. कारण पेनड्राइव्हच्या आत एक छोटा कंट्रोलर असतो आणि त्याचा प्रोग्रॅम बदलला तर तो स्वतःला कीबोर्ड म्हणवून घेऊ शकतो. संगणकाला वाटतं माणूस टाइप करतोय. २०१४ मध्ये जर्मन संशोधकांनी हे जाहीर करून दाखवलं. असल्या पेनड्राइव्हवरच्या फाइली कितीही चाळा, काही सापडणार नाही, कारण खोट फाइलीत नसतेच. डब्यात मी मुद्दाम वायरलेस कीबोर्डचा इवलासा रिसीव्हर घालून बघितला. स्क्रीनवर लाल पट्टी आली, साधन नाकारलं, आणि काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच चोर.

गंमत म्हणजे हा डबा आल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच त्यानं पकडलं ते अगदी जुनं भूत होतं. एका कॅलिब्रेशनवाल्याच्या पेनड्राइव्हवर रॅमनिट नावाचा व्हायरस. त्या बिचाऱ्याला पत्ता नव्हता. दिवसाला चार कारखाने फिरतो, प्रत्येक ठिकाणी तोच पेनड्राइव्ह लावतो. आमचे काही लोक हसले, की चार लाखांचा डबा घेतला आणि सापडला तो हा म्हातारा. मी त्यांना सांगितलं, जर्मनीतल्या गुंडरेमिंगेन अणुऊर्जा केंद्रात २०१६ मध्ये नेमका हाच सापडला होता, सोबत कॉन्फिकर हा दुसरा जुना किडा. बी ब्लॉकमधल्या, इंधन-सळ्या हलवायच्या यंत्रणेशी संबंधित माहिती दाखवणाऱ्या एका संगणकावर. वर ऑफिसातल्या कामाचे अठरा पेनड्राइव्ह आणि तत्सम साधनं लागण झालेली निघाली. यंत्रणा इंटरनेटपासून तोडलेली असल्यानं नुकसान काही झालं नाही. त्यामागे कुठलं सरकारही नव्हतं, नुसती घाण होती. पण जिथून घाण आत जाते तिथूनच दुसरंही जातं.

आता तक्रारी, आणि त्या थोड्याथोडक्या नाहीत.

पासवर्ड घातलेली झिप फाइल त्याला उघडता येत नाही. तो ती सरळ अडवतो, ते बरोबरच आहे, पण आमच्या ग्राहकांपैकी निम्मे जण ड्रॉइंग पासवर्ड घालूनच पाठवतात, कारण त्यांच्या आयटीवाल्यानं तसं सांगितलेलं असतं. मग फोन करा, पासवर्ड घ्या, गेटवर फाइल उघडा. मोठी थ्रीडी असेंब्ली असेल तर चहा पिऊन या. दुसऱ्या पाळीच्या सुरुवातीला दोन पाहुणे एकदम आले की रांग लागते आणि सेटर वर मशीन थांबवून बसलेला असतो. टचस्क्रीनला तेलकट बोट चालत नाही, हातमोजा तर नाहीच. स्टायलस दोरीनं बांधून ठेवलाय. पावती थर्मल कागदावर येते, दोन-तीन महिन्यांत कोरी होते, त्यामुळे काका तिची नोंद परत रजिस्टरमध्ये पेनानं करतात. मराठी स्क्रीन आहे, ती बरी आहे.

खोटे इशारेही देतो. आमच्या जुन्या टर्निंग सेंटरचा एक पोस्ट-प्रोसेसर, म्हणजे ड्रॉइंगवरून मशीनला कळेल असा प्रोग्रॅम बनवणारी फाइल, कधीकाळी कुणीतरी घरच्या घरी लिहिलेला आहे. चारांतलं एक इंजिन त्याला दर वेळी संशयित म्हणतं. अपवादाच्या यादीत घालायचा तर विक्रेत्याकडून कोड आणावा लागतो आणि तो कोड मिळायला शनिवार-रविवार मध्ये आला की सोमवार उजाडतो. ही गोष्ट खरेदीच्या वेळी कुणी सांगत नाही. अपवाद स्वतःला घालता येतो का, ते आधी विचारा.

विकायला आलेला मुलगा हुशार होता. सादरीकरणात त्यानं स्टक्सनेटची फाइल टाकून डब्यानं ती कशी पकडली ते दाखवलं. साहेब खूश. मी म्हटलं, अरे, ती आज फुकटातला अँटीव्हायरससुद्धा पकडतो. प्रश्न असा की २०१० च्या मार्चमध्ये हा डबा नतान्झच्या ठेकेदाराच्या गेटवर असता तर? उत्तर आहे, नसता पकडला. त्या किड्याचे ड्रायव्हर रिअलटेक या तैवानी कंपनीच्या चोरलेल्या पण अस्सल डिजिटल सहीनं सजलेले होते. विंडोजमधल्या चार अशा फटी त्यानं वापरल्या ज्या तोवर मायक्रोसॉफ्टनं बुजवलेल्या नव्हत्या. त्यातली एक तर अशी, की फोल्डर उघडून आयकॉन नुसते दिसले तरी लागण व्हायची, फाइलवर क्लिक करायचीसुद्धा गरज नाही. शेवटी तो सापडला तो २०१० च्या जूनमध्ये, बेलारूसमधल्या एका छोट्या अँटीव्हायरस कंपनीला, तेही इराणमधल्या एका ग्राहकाचे संगणक सारखे बंद पडून चालू होत होते म्हणून.

आणि त्याहून बोलकी गोष्ट. स्टक्सनेटची त्याहून जुनी एक आवृत्ती कुणीतरी २००७ च्या नोव्हेंबरातच व्हायरसटोटलवर, म्हणजे फाइल अनेक अँटीव्हायरसकडून तपासून देणाऱ्या वेबसाइटवर, टाकली होती. म्हणजे डझनावारी अँटीव्हायरस इंजिनांसमोर. ती काय आहे हे सिमँटेक या अँटीव्हायरस कंपनीच्या लोकांनी ओळखून जाहीर केलं २०१३ मध्ये. मग माझ्या चार इंजिनांचं काय घेऊन बसलात!

त्या जुन्या आवृत्तीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण ती व्हॉल्व्हवरची आहे आणि आम्ही व्हॉल्व्हवाले. स्टक्सनेट म्हटलं की लोकांना आठवतं ते सेंट्रीफ्यूजच्या मोटरींचा वेग बदलणं: १०६४ हर्ट्झवर चालणारं यंत्र १४१० वर न्यायचं, पुढे कधीतरी २ हर्ट्झपर्यंत खाली आणायचं, मग परत जागेवर. ते नंतरचं. आधीचा हल्ला सिमेन्सच्या एस७-४१७ कंट्रोलरवर, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या औद्योगिक संगणकावर (पीएलसी), होता. इराणची आयआर-१ सेंट्रीफ्यूज मुळात कुरकुरी, सारखी मोडायची. एक मोडलं म्हणून १६४ जणांची अख्खी माळ बंद ठेवायला नको, म्हणून तिथल्या इंजिनिअरांनी प्रत्येक सेंट्रीफ्यूजला तोडून वेगळं करणारे शट-ऑफ व्हॉल्व्ह बसवले. जुगाडच, पण अक्कलहुशारीचा. हल्लेखोरांनी नेमका तोच धरला. किडा आधी सेन्सरची २१ सेकंदांची नेहमीची आकडेवारी टिपून घ्यायचा. मग तीच पुन्हा पुन्हा कंट्रोलरला आणि पर्यायानं कंट्रोल रूमला दाखवत राहायचा, आणि तेवढ्यात पहिल्या व शेवटच्या टप्प्यांचे व्हॉल्व्ह बंद करायचा. वायू आत येतोय, बाहेर जात नाहीये, दाब चढतोय. स्क्रीनवर सगळं हिरवं.

हे पहिल्यांदा सविस्तर वाचलं तेव्हा मी उठून टेस्ट बेंचपाशी गेले. आमच्या हायड्रो टेस्ट बेंचवर एस७-३०० आहे. नतान्झच्या दुसऱ्या, मोटरींवरच्या हल्ल्यातला ३१५ हा कंट्रोलर त्याच घराण्यातला. बॉडीवर रेटिंगच्या दीडपट दाब चढवायचा, ठरलेला वेळ धरून ठेवायचा, आलेख आपोआप कागदावर येतो आणि त्या कागदावर ग्राहकाचा इन्स्पेक्टर सही करतो. दाब खरंच चढला का, हे इन्स्पेक्टरला कोण सांगतं? ट्रान्समीटर सांगतो पीएलसीला, पीएलसी सांगतो स्क्रीनला. मध्ये कुणी खोटं बोललं तर बारीक चीर असलेली बॉडी "पास" होऊन पॅक होईल. म्हणून बेंचवर थेट लाइनला टी काढून एक काट्याचा प्रेशर गेज बसवून घेतला. साधा, पितळी नळीचा, वायर नाही, बॅटरी नाही. ऑपरेटरनं दर टेस्टला काट्याचा आकडा हातानं लिहायचा, आलेखाशी जुळला नाही तर जॉब बाजूला. खर्च डब्याच्या एक टक्काही नाही. मला विचाराल तर अणुऊर्जेच्या कामात शिरणाऱ्या कुणीही पहिला खर्च हा करावा, डबा नंतर.

डब्याच्या आवाक्यात अजिबात नसलेली गोष्ट म्हणजे मेल. आपल्याकडचं गाजलेलं प्रकरणही इंटरनेटला जोडलेल्या पीसीचं. २०१९ च्या ऑक्टोबरात तमिळनाडूतल्या कुडनकुलम अणुऊर्जा केंद्राचं नाव आलं. डीट्रॅक नावाच्या मालवेअरचा एक नमुना व्हायरसटोटलवर चढला आणि त्याच्या पोटात चक्क "केकेएनपीपी" ही त्या केंद्राची अक्षरं होती. २९ तारखेला केंद्रानं पत्रक काढलं, की नियंत्रण यंत्रणा स्वतंत्र आहेत, बाहेरच्या जाळ्याला जोडलेल्या नाहीत, त्यावर सायबर हल्ला शक्यच नाही. ३० तारखेला ते केंद्र चालवणाऱ्या सरकारी कंपनीनं, एनपीसीआयएलनं, दुसरं पत्रक काढलं: मालवेअर सापडलं हे खरं, सर्ट-इननं (सायबर घटना हाताळणाऱ्या सरकारी संस्थेनं) ४ सप्टेंबरलाच कळवलं होतं, लागण झाली ती प्रशासकीय कामासाठी इंटरनेटला जोडलेल्या एका माणसाच्या पीसीला, आणि तो आतल्या महत्त्वाच्या जाळ्यापासून वेगळा आहे. दोन्ही पत्रकं एकमेकांशेजारी ठेवून वाचली तर तांत्रिकदृष्ट्या खोटं कुणीच बोललेलं नाही. पण पहिल्या दिवशीच दुसरं पत्रक काढलं असतं तर एवढा धुरळा उडाला नसता.

डीट्रॅक काही मोडतोड करत नाही. कीबोर्डवर काय टाइप झालं, ब्राउझरमध्ये काय काय उघडलं, कुठले प्रोग्रॅम चालू आहेत, डिस्कवर कुठल्या फाइली आहेत, असं सगळं गोळा करतं. कॅस्परस्कीनं त्याचं नातं लाझरसशी, म्हणजे उत्तर कोरियाच्या टोळीशी जोडलंय. त्याचंच एक भावंड भारतातल्या एटीएमवर कार्डांची माहिती चोरताना आधी सापडलं होतं. पुणेकरांना लाझरस हे नाव नवं असेल, पण २०१८ च्या ऑगस्टमधलं कॉसमॉस बँकेचं प्रकरण विसरलं नसेल, ९४ कोटी गेले ते. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं आपल्या अहवालात ते उत्तर कोरियाच्या हल्ल्यांच्या यादीत धरलंय. बँक लुटणारे आणि अणुकेंद्राच्या फाइली चाळणारे एकाच देशाचे पगारी असू शकतात, हे साहेबांना पटवायला तेवढं पुरलं. त्यांचं खातं तिथेच आहे.

दक्षिण कोरियात २०१४ च्या डिसेंबरात तिथल्या अणुवीज कंपनीच्या ३,५७१ कर्मचाऱ्यांना ५,९८६ मेल गेले, आतमध्ये मालवेअर. पुढे अणुभट्ट्यांचे आराखडे, कर्मचाऱ्यांची माहिती असं टप्प्याटप्प्यानं नेटवर टाकत नाताळपर्यंत तीन अणुभट्ट्या बंद करा अशी धमकी आली. भट्ट्या बंद झाल्या नाहीत. सरकारी वकिलांनी नंतर उत्तर कोरियाचं नाव घेतलं. अमेरिकेत कॅन्सासच्या वुल्फ क्रीक केंद्राच्या ऑफिसच्या जाळ्यात २०१७ मध्ये जे शिरले त्यांच्याबद्दल अमेरिकेनं २०२२ मध्ये रशियाच्या एफएसबी या गुप्तचर संस्थेच्या अधिकाऱ्यांवरचं आरोपपत्र खुलं केलं. तिथे आमिष होतं नोकरीच्या अर्जांचं: कंट्रोल इंजिनिअरचा बायोडेटा, वर्डच्या फाइलीत. आमच्या एचआरच्या मुलीला दिवसाला असे कितीतरी येतात. गेटवरचा डबा तिच्या मेलचं काय करणार? तिचा पीसी ड्रॉइंगच्या सर्व्हरपासून वेगळा काढला, वेगळी लाइन, वेगळा स्विच. एका दुपारचं काम. विक्रेत्यानं अर्थातच मेलसाठीचं दुसरं उत्पादन दाखवलं, किंमत बघून मी कॅटलॉग मिटला.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, मग घेतलाच कशाला? याचं उत्तर मला डब्याच्या सर्व्हिस इंजिनिअरनंच दिलं.

अपडेटसाठी डबा इंटरनेटला जोडा असा विक्रेत्याचा आग्रह होता. आम्ही नाही म्हटलं. ऑफिसच्या वेगळ्या पीसीवर अपडेट उतरवतो, सीडी भाजतो, ती डब्यात घालतो. कटकट आहे, पण चालते. मात्र मुख्य सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की त्यांचा माणूस येतो. तो आला, डब्याचा मागचा दरवाजा किल्लीनं उघडला आणि खिशातून स्वतःचा पेनड्राइव्ह काढला. काका पुढे झाले.

"साहेब, आधी पुढून घाला. पावती निघू द्या."

"अहो काका, हा डबाच आमचा आहे."

"डबा तुमचा, गेट आमचं."

मला वर फोन आला. मुलगा वैतागला होता, त्याला हिंजवडीला पुढची भेट गाठायची होती. पण काकांचं बरोबर होतं आणि मी तसं सांगितलं. पेनड्राइव्ह पुढून गेला, स्वच्छ निघाला, पावती निघाली, मग दरवाजा उघडला.

अमेरिकेतल्या ओहायोमध्ये डेव्हिस-बेसी अणुकेंद्रात २००३ च्या जानेवारीत स्लॅमर नावाचा किडा शिरला तो असाच. केंद्राची फायरवॉल जागेवर होती. पण एका कन्सल्टंटच्या जाळ्यातून आत येणारी एक लाइन फायरवॉलला वळसा घालून गेलेली होती. अणुभट्टीच्या सुरक्षेचे आकडे दाखवणारी यंत्रणा जवळपास पाच तास आंधळी झाली. भट्टी त्या काळात दुसऱ्या दुरुस्तीसाठी बंद होती, म्हणून निभावलं. स्लॅमर ज्या फटीतून शिरला तिच्यावरचा पॅच सहा महिने आधीच निघालेला होता. इथेही सरकारबिरकार कुणी नाही, पण वाट तीच, ओळखीच्या माणसाची.

डब्याचा खरा उपयोग हा आहे. त्याच्यामुळे काकांच्या हातात अधिकार आला. पूर्वी एखाद्या मोठ्या कंपनीचा, गळ्यात आयकार्ड अडकवलेला इंजिनिअर लॅपटॉप उचलून तडक शॉपमध्ये जायचा, त्याला अडवायचं कुणी? आता यंत्र उभं आहे, त्याच्यापुढे ग्राहकाचा माणूसही थांबतो. यंत्राशी कुणी हुज्जत घालत नाही, माणसाशी घालतात. आणि प्रत्येक पेनड्राइव्हची नोंद राहते: कुणाचा, कधी, कुठल्या फाइली, कुठल्या मशीनकडे. सर्ट-इनच्या २०२२ च्या आदेशानुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. ते सहा तास सुरू झाले की पहिला प्रश्न येणार, हे आलं कुणाबरोबर? स्टक्सनेटला स्वतःचा प्रवास नोंदवून ठेवायची गरज वाटली होती, आपण निदान तेवढं तरी ठेवावं.

नुसत्या कागदासाठी एवढा खटाटोप कशाला असं वाटत असेल तर ब्रिटनमधल्या सेलाफील्ड या अणुकचरा हाताळणाऱ्या केंद्राचं बघा. २०२४ मध्ये तिथल्या अणुसुरक्षा नियामकानं चालवलेल्या खटल्यात त्यांना ३,३२,५०० पौंडांचा दंड झाला. कुणी आत शिरल्याचा पुरावा नव्हता. यंत्रणांच्या वार्षिक तपासण्या ठरल्याप्रमाणे करवून घेतल्या नाहीत, संवेदनशील माहिती नीट जपली नाही, यावर तो होता. कॅलिब्रेशनचं स्टिकर जुनं निघालं म्हणून लॉट परत आलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही.

तर घ्यावा का? अणुऊर्जा, संरक्षण किंवा वीज क्षेत्राच्या ऑर्डरी असतील, बाहेरचे लोक रोज शॉपमध्ये येत असतील आणि गेटवर नियम राबवणारा एक खमक्या माणूस असेल तर घ्या. तो माणूस नसेल तर डबा महिन्याभरात मिठाईचे बॉक्स ठेवायला वापरला जाईल, मी एका ठिकाणी तसा बघितलाय. दहा-पंधरा माणसांचं युनिट असेल तर चार लाख घालू नका. एक जुना पीसी, त्यावर लिनक्स, त्याला नेटवर्क नाही, शेजारी रंगीत पेनड्राइव्ह आणि एक वही. शॉपमधल्या विंडोज मशीनवर अनोळखी पेनड्राइव्ह अडवायला सी-डॅक या सरकारी संस्थेचं यूएसबी प्रतिरोध हे सॉफ्टवेअर सायबर स्वच्छता केंद्राच्या वेबसाइटवर फुकट आहे. त्यानं ऑडिटर खूश होईलच असं नाही, पण पाऊण काम होतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. अर्धा थर्मल पावतीचा कापला, एक अपवादाच्या कोडसाठी सोमवारची वाट बघायला लावतात त्याचा.

घेणार असाल तर एएमसीच्या (वार्षिक देखभालीच्या) करारात हे घालून घ्या: विक्रेत्याच्या माणसाचा लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह आमच्या गेटच्या नियमानं तपासला जाईल, मागच्या दरवाजाची किल्ली आमच्याकडे राहील, आणि दरवाजा उघडताना आमचा माणूस शेजारी उभा असेल. किल्लीवरून ते थोडी खळखळ करतात, मग देतात.